शब्दांच्या पुढें धांवणारें मन

ऐकणें ही क्रिया आपणांस इतकी सहज वाटते कीं, तींत मनाला कांहीं काम करावें लागतें अशी शंकाही सहसा कोणास येत नाहीं. बोलणारा बोलतो, शब्द कानीं पडतात आणि अर्थ कळतो. यांत विशेष तें काय, असें कोणीही विचारील. विहिरीचें पाणी घागरीनें आणून रांजणांत ओतावें, त्याप्रमाणें शब्द कानावाटे मनांत ओतले जातात, आणि शेवटची घागर पडली म्हणजे वाक्य समजलें, अशीच सर्वसाधारण कल्पना आहे. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं व भाषाशास्त्रज्ञांनीं जे प्रयोग केले, त्यांनीं ही कल्पना टिकूं दिली नाहीं. ऐकणारें मन रांजणासारखें एका जागीं बसून राहत नाहीं. तें बोलणाऱ्याच्या पुढें धांवतें, येणाऱ्या शब्दाचा तर्क करतें, तर्क चुकला तर मागें येतें, आणि हें सर्व इतक्या त्वरेनें करतें कीं ज्याचें मन त्यालाच त्याचा पत्ता नसतो. हा व्यापार कसा चालतो, हें शिरूर तालुक्यांतील रांजणगांव व त्याच्या आसपासच्या मुलखांतील नेहमींच्या बोलण्याचीं उदाहरणें घेऊन सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. याच गांवाचीं उदाहरणें घेण्यास कारण आहे, व तें लेखाच्या उत्तरार्धांत स्पष्ट होईल.

प्रथम वेगाचा विचार करूं. साधारण बोलण्यांत एका सेकंदास चार-पांच अक्षरें तोंडांतून बाहेर पडतात. एकाचें बोलणें संपलें कीं दुसरा बोलूं लागतो. या दोहोंमध्यें किती वेळ जातो, हें २००९ सालीं दहा निरनिराळ्या भाषांतील संभाषणें घेऊन मोजण्यांत आलें. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरीनें सुमारें एकपंचमांश सेकंद जातो, असें आढळलें. भाषेभाषेंत थोडा फरक होता, पण तो अगदीं अल्प. आतां दुसरी गोष्ट पाहा. समोर धरलेल्या चित्रांतील वस्तूचें नुसतें नांव उच्चारावयाचें झालें, तरी मनुष्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. मग उत्तर एकपंचमांश सेकंदांत येतें कसें? याचा उलगडा एकच होऊं शकतो. समोरचा बोलत असतांनाच त्याचें बोलणें कोठें जाऊन थांबणार हें ऐकणाऱ्यानें ओळखलेलें असतें, आणि आपलें उत्तर त्यानें आधींच जुळवावयास घेतलेलें असतें.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. छापील पानावर शब्दाशब्दांत मोकळी जागा असते; बोलण्यांत ती नसते. परकी भाषा कानीं पडली म्हणजे ती एकसारखी अखंड धार वाटते, याचा अनुभव प्रत्येकास आहे. आपली भाषाही तशीच अखंड असते. ती तुटक भासते एवढेंच. ज्यांनीं मोडी लिपींतील जुना कागद पाहिला असेल त्यांस हें चटकन् पटेल. मोडींत वर एक लांब रेघ ओढून तिच्या खालीं अक्षरें ओळीनें लिहीत जात. शब्द सुटे करण्याची चाल नव्हती, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळला जात नसे. तरी मुरलेला कारकून तो कागद भराभर वाची, कारण शब्द कोठें तोडावयाचा हें त्यास कागद सांगत नसून त्याचें भाषेचें ज्ञान सांगत असे. पुढें मराठी छपाईच्या काळांत मेजर थॉमस कँडी यांनीं स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादि चिन्हांचा परिचय मराठी वाचकांस करून दिला आणि डोळ्यांचे श्रम कमी झाले. कानांस मात्र अशी सवलत कधींच मिळाली नाहीं. आपला कान आजही मोडीच वाचीत असतो.

ही तोडण्याची विद्या मूल केव्हां शिकतें? १९९६ सालीं अमेरिकेंत जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन व एलिसा न्यूपोर्ट यांनीं आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांवर एक प्रयोग केला. निरर्थक अक्षरांची एक अखंड माळ त्या मुलांस केवळ दोन मिनिटें ऐकविली. माळेंत कांहीं अक्षरें नेहमीं एकामागून एक येत, कांहीं क्वचित् येत. दोन मिनिटांच्या श्रवणानंतर मुलांना ही नित्याची जोडी व ती नैमित्तिक जोडी यांतील भेद कळूं लागला होता. ज्यास अद्याप आई म्हणतां येत नाहीं, तें मूल कोणत्या अक्षरामागून कोणतें अक्षर येतें याचा हिशेब ठेवीत असतें! पुढच्या अक्षराचा तर्क करण्याची संवय आपणांस पाळण्यांतच लागते, ती अशी.

आतां एका शब्दाचें काय होतें तें पाहूं. पुण्याहून अहिल्यानगरास जाणारा हमरस्ता रांजणगांवावरून जातो. १ जून १९४८ रोजीं एस्. टी.ची पहिली गाडी पुणें व तेव्हांचें अहमदनगर यांच्यामधील याच मार्गावर धांवली. या मार्गावरील एखाद्या स्थानकांत कोणी ‘रांजणगांव!’ अशी आरोळी दिली, असें समजा. ‘रां’ एवढें कानीं पडतांच ऐकणाऱ्याच्या मनांत रांग, रांगोळी, रांधणें, रांजण असे कितीतरी शब्द एकदम जागे होतात. ‘रांज’ येतांच रांग व रांगोळी गळून पडतात. ‘रांजण’ येथवर आलें तरी निवाडा होत नाहीं. कारण पाण्याचा रांजण आहे, पापणीवर उठणारी रांजणवाडी आहे, निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रांतील खडकांत पाण्यानें कोरलेले रांजणखळगे आहेत, आणि रांजणगांवही आहे. पुढचें ‘गां’ उच्चारलें जातांच बाकीचे सर्व उमेदवार बाद होऊन एकच उरतो. शब्दाचें शेवटचें अक्षर बाहेर पडण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो. आणि ऐकणारा महागणपतीच्या दर्शनास निघालेला असेल, तर पापणीवरची रांजणवाडी त्याच्या मनांत फार वेळ टिकतही नाहीं. प्रसंगच तिला मागें ढकलतो. अर्थात् निकाल लागला तरी कधीं कधीं तो पुरत नाहीं. शिरूर तालुक्यांतच रांजणगांव सांडस नांवाचें दुसरें गांव आहे, म्हणून लोक ‘रांजणगांव गणपति’ असें पुरें नांव घेतात. बोलणाऱ्यासही ऐकणाऱ्याच्या तर्काची काळजी वाहावी लागते, ती अशी.

मन खरोखरच इतकें जवळून मागोवा घेतें याचा पुरावा काय? विल्यम मार्सलेन-विल्सन यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं मनुष्यांच्या कानांवर एक उतारा पडूं दिला, व ऐकतां ऐकतांच तो मोठ्यानें म्हणत जावयास सांगितलें. त्यांतील कित्येक जण मूळ आवाजाच्या मागें अवघे पाव सेकंद होते. म्हणजे जेमतेम एका अक्षराचें अंतर! ते पोपटासारखें म्हणत होते असेंही नाहीं. पुढील प्रयोगांत मुद्दाम बिघडविलेले शब्द मध्यें घातले, तेव्हां ते शब्द कित्येकदां नकळत दुरुस्त होऊन त्यांच्या मुखांतून बाहेर पडले. पाव सेकंदाच्या आंत त्यांच्या मनानें वाक्याचा अर्थ लावून शब्द सुधारलाही होता.

हें सुधारण्याचें काम मन किती बेमालूम करतें, याचें आणखी एक उदाहरण प्रसिद्ध आहे. रिचर्ड वॉरन यांनीं १९७० सालीं एका इंग्रजी वाक्याच्या ध्वनिमुद्रणांतून एक वर्ण साफ खोडून टाकला व त्या जागीं खोकल्याचा आवाज बसविला. ऐकणाऱ्या जवळजवळ सर्वांस तो शब्द पूर्ण ऐकूं आला. खोकला त्यांनीं ऐकला, पण तो नेमका कोठें आला तें त्यांस सांगतां येईना! गेलेला वर्ण मनानें भरून काढला, आणि आपण भरला आहे हें धन्याला कळूंही दिलें नाहीं. भाद्रपदांतील उत्सवांत ढोल-ताशे वाजत असतां रांजणगांवच्या मंदिराबाहेर दोघे मित्र एकमेकांशीं बोलतात आणि त्यांस एकमेकांचें कळतें, तें या भरपाईच्या जोरावर. कारखान्यांत यंत्रांच्या घरघरींत एक कामगार दुसऱ्यास ‘पाना दे’ म्हणतो, तेव्हां ‘पा’ बुडाला तरी चालतें. हातांतलें काम तो पुरवितें.

शब्द ओळखला तरी त्याचा अर्थ ठरलेलाच असतो असें नाहीं. ‘गुरुजींनीं मुलाला पाठ’ एवढे शब्द ऐकून कोणी थांबलें, तर पुढें ‘वाचावयास सांगितला’ असें येईल किंवा ‘दाखविली’ असें येईल. पहिला पाठ पुस्तकांतला, दुसरी पाठ शरीराची. अशा वेळीं मन काय करतें? डेव्हिड स्विनी यांनीं १९७९ सालीं इंग्रजींतील द्व्यर्थी शब्द घेऊन दाखविलें कीं, प्रसंगास एकच अर्थ जुळत असला तरी दोन्ही अर्थ क्षणभर जागे होतात, आणि नको असलेला अर्थ एका सेकंदाच्या आंत मावळतो. आपणांस तो दुसरा अर्थ मनांत आल्याचें स्मरतही नाहीं. कोटिबाज मनुष्य याच मावळत्या अर्थाला धरून ठेवतो, म्हणून त्याची कोटी ऐकतांच आपणांस हसूं येतें.

येथें मराठी भाषेनें ऐकणाऱ्याच्या हातीं एक मौल्यवान खूण दिली आहे. ती म्हणजे लिंग. ‘त्याची’ म्हणतांच पुस्तकांतला पाठ दूर होतो. शाळेच्या बांकावर डबा, वही व दप्तर हीं तीन पडलेलीं असतां ‘माझी’ एवढें ऐकून मराठी मुलाची नजर वहीकडे वळावी, ‘माझें’ ऐकून दप्तराकडे, आणि ‘माझा’ ऐकून डब्याकडे. नामाची गरजच राहूं नये. स्पॅनिश भाषेंत नामापूर्वीं लिंगदर्शक लहानसें उपपद येतें; तेवढ्यावरून तीन वर्षांच्या आसपासचीं मुलेंही पुढील वस्तु लवकर ओळखतात, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आलें. व्याकरणांत लिंगाचीं कोष्टकें पाठ करतांना विद्यार्थी कंटाळतात. परंतु तींच कोष्टकें बोलण्याच्या वेळीं मनाला वाट दाखविणारे दिवे होतात.

शब्दांकडून वाक्याकडे वळूं. १९९९ सालीं जेरी ऑल्टमन व युकी कामिडे यांनीं लोकांसमोर एक चित्र ठेविलें. त्यांत एक मुलगा, खावयाचा एक केक व खेळणीं होतीं. इंग्रजी वाक्यांत ‘मुलगा खाईल’ एवढें ऐकूं येतांच पाहणाऱ्यांची नजर केकवर गेली. केक हा शब्द अद्याप उच्चारलाही गेला नव्हता. इंग्रजींत क्रियापद मध्यें येतें, तेव्हां हें ठीक झालें. पण मराठींत क्रियापद शेवटीं येतें. मग आपण वाक्य संपेपर्यंत अंधारांतच चांचपडत असतों काय? जपानी भाषेचीही रचना अशीच, क्रियापद शेवटीं असलेली. कामिडे, ऑल्टमन व हेवुड यांनीं २००३ सालीं जपानी लोकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, क्रियापद येण्यापूर्वींच, नामांस लागलेल्या प्रत्ययांवरून ऐकणारे पुढील वस्तूचा तर्क करतात. आपल्या मराठींत हेंच काम विभक्ति करते. ‘आजीनें नातवाला’ एवढें ऐकतांच देणारी कोण व घेणारा कोण हें ठरूं लागतें, आणि मन पेढ्याची किंवा धपाट्याची वाट पाहूं लागतें.

अर्थात् वाट पाहतांना फसगतही होते. पुढील वाक्य सावकाश वाचा: ‘गणूनें पेढा खाल्लेल्या मुलास हांक मारली.’ ‘गणूनें पेढा खा’ येथवर पेढा गणूच्याच तोंडांत गेलेला असतो. ‘ल्लेल्या मुलास’ येतांच तो तेथून काढून दुसऱ्याच्या तोंडांत घालावा लागतो. मनाची ही माघार क्षणार्धांत होते, पण होते खरी. वाचकांस ‘मुलास’ या शब्दाशीं किंचित् अडखळल्यासारखें झालें असेल, तर तें त्याचेंच लक्षण. तर्काविरुद्ध शब्द आला कीं मेंदूंत काय होतें हें १९८० सालीं मार्टा कुटास व स्टीव्हन हिलियार्ड यांनीं टिपलें. डोक्याच्या कातडीस धातूच्या बारीक चकत्या लावून, गरम पावाला कोणी पायमोजे लावले अशा तऱ्हेचीं वाक्यें त्यांनीं लोकांस वाचावयास दिलीं. लोणी यावयाचें तेथें पायमोजे येतांच, त्या शब्दानंतर सुमारें ४०० सहस्रांश सेकंदांनीं, विजेची एक ठळक लहर उठलेली दिसली. अर्ध्या सेकंदाच्या आंत मेंदूनें ‘हें जुळत नाहीं’ अशी नोंद केली होती.

मनाची ही धांव किती उपयोगी आहे तें येथवर पाहिलें. तिची मर्यादाही पाहिली पाहिजे. जेथें संदर्भास एकच शब्द जुळतो, तेथें तर्क आपणांस तारतो. जेथें दोन शब्द सारखेच जुळतात, तेथें तर्काचा कांहीं इलाज चालत नाहीं. रांजणगांवच्या देवळाच्या बांधकामाशीं ज्या थोरल्या माधवराव पेशव्यांचें नांव जोडलें जातें, त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत वध झाला. ‘धरावें’ या शब्दांतील ‘ध’चा कोणीं ‘मा’ केला आणि हुकमाचा अर्थ फिरला, ही आख्यायिका महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. ती इतिहासास कितपत धरून आहे हा वाद आपण बाजूस ठेवूं. आमच्या विषयापुरता तिचा बोध असा कीं, धरणें व मारणें हीं दोन्ही त्या संकटाच्या प्रसंगास सारखींच शोभत होतीं. म्हणून वाचणाऱ्याच्या मनांत शंका उठावयास जागाच नव्हती. पायमोज्यांनीं मेंदू दचकतो. बेमालूम चुकीनें दचकत नाहीं.

मराठी वाक्याच्या रचनेंत आणखी एक धोका आहे. आपला नकार शेवटीं येतो. ‘तुझ्या भावानें माझे पैसे बुडविले असें मी म्हणालों’ येथवर ऐकून जो उठून गेला, तो भांडण घेऊन गेला. जो आणखी अर्धा सेकंद थांबला, त्याला ‘नाहीं’ ऐकूं आलें. अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणारीं माणसें कमी ऐकतात असें नाहीं. त्यांचें मन पुढें धांवतें, आणि मागें वळावयाचें तेवढें विसरतें.

आतां ज्या कारणासाठीं आम्ही रांजणगांवचीं उदाहरणें घेतलीं, त्याकडे येतों. अष्टविनायकांपैकीं एक म्हणून हें गांव पूर्वींपासून प्रसिद्ध होतें. आज तेथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे, आणि तेथील कारखान्यांत काम करण्यासाठीं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आदि प्रांतांतून कुटुंबें आलीं आहेत. त्यांचीं मुलें आसपासच्या शाळांतून मराठी मुलांच्या मांडीला मांडी लावून बसतात. अशा मुलानें उत्तर द्यावयास थोडा वेळ लावला कीं, ‘हा मठ्ठ आहे’ असा शेरा त्याच्या माथीं बसण्यास विलंब लागत नाहीं. वर सांगितलेल्या गोष्टी ध्यानांत घेतल्या म्हणजे तो शेरा किती अन्यायाचा आहे हें कळेल.

त्या मुलाचें मन मंद नसतें. त्याच्याजवळ तर्काचें भांडवल अजून जमलेलें नसतें. ओडिया भाषेंत नामास व्याकरणाचें लिंग नाहीं. तेव्हां ‘माझी’ व ‘माझें’ यांतील जो भेद मराठी मुलास दिव्यासारखा दिसतो, तो ओडिया मुलास दिसतच नाहीं. हिंदींत लिंगें दोन आहेत, नपुंसकलिंग नाहीं. म्हणून ‘दप्तर’ कोणत्या बाजूस ठेवावें या विचारांत हिंदी मुलाचा क्षण जातो. शिवाय, एक भाषा ऐकत असतांना दुसरी भाषा निजून राहत नाहीं. मायकल स्पायव्ही व व्हिओरिका मारियन यांनीं १९९९ सालीं रशियन व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या लोकांस रशियन भाषेंत तिकीट उचलावयास सांगितलें. रशियन तिकिटाचा शब्द ‘मार्कु’ असा आहे, आणि तो ऐकतांच त्यांची नजर जवळ पडलेल्या ‘मार्कर’कडे, म्हणजे लिहावयाच्या लेखणीकडे, जाऊन आली. सांगितलें रशियन, आणि जागी झाली इंग्रजी! हिंदी घरांतील मुलाचें असेंच होतें. ‘शिक्षा’ म्हणजे त्याच्या घरीं शिक्षण, आपल्या शाळेंत छडी. ‘चेष्टा’ म्हणजे त्याच्या घरीं प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘आपण’ म्हटलें कीं त्याला हिंदींतील ‘आप’ आठवतो, आणि ‘आपण खेळूं’ हें आमंत्रण ‘तुम्ही खेळा’ असें ऐकूं येतें. उलट ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद हिंदींत नाहीं. दोहोंस एकच ‘हम’. ‘आम्ही खेळावयास जातों’ असें मित्रांनीं म्हटल्यावर तो आनंदानें मागें जातो, आणि आपणांस वगळलें होतें हें त्याला तेथें गेल्यावर कळतें.

त्यांत गोंगाटाची भर पडते. ज्यांनीं दुसरी भाषा मोठेपणीं आत्मसात केली, त्यांस ती भाषा शांततेंत चांगली समजत असली तरी गोंगाटांत जन्मभाषिकांपेक्षां फार लवकर कळेनाशी होते, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. कारण उघड आहे. बुडालेलें अक्षर भरून काढावयास जें भांडवल लागतें, तेंच तेथें तोकडें असतें. हमरस्त्याकडील खिडकीजवळ बसलेल्या मराठी मुलास मालमोटारीच्या आवाजांत अर्धा शब्द ऐकूं आला तरी पुरतो. शेजारच्या नव्या मुलास तो पुरत नाहीं. दोघांचे कान सारखे, बांक एकच. पण एकाला वाक्य मिळतें व दुसऱ्याला नुसता आवाज.

यावर उपाय अवघड नाहींत, व त्यांस पैसाही लागत नाहीं. नव्या मुलास रस्त्यापासून दूर व शिक्षकांच्या तोंडासमोर बसवावें. बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर कानाला साह्य होतें. मोठ्यानें ओरडण्यापेक्षां सावकाश व स्पष्ट बोलावें. विषय आधीं सांगावा. ‘आतां पावसाविषयीं वाचावयाचें आहे’ एवढें म्हटलें कीं ढग, मेघ, सरी हे शब्द त्याच्या मनांत दाराशीं येऊन उभे राहतात. वाक्य समजलें नाहीं असें दिसतांच निराळ्या शब्दांत सांगण्याची घाई करूं नये. प्रथम तेंच वाक्य पुन्हां म्हणावें, नाहींतर अर्धें उकललेलें एक कोडें टाकून त्याला दुसरें घ्यावें लागतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, प्रश्न विचारल्यावर थांबावें. मराठी मुलास जेथें एकपंचमांश सेकंद पुरतो तेथें त्याला दोन-तीन सेकंद लागतील. तेवढ्यांत शेजाऱ्यानें हात वर करून उत्तर सांगून टाकलें, तर त्याचें मन निम्म्या वाटेवरून परत फिरतें. मित्रांच्याही हातीं पुष्कळ आहे. मधल्या सुटींत खेळतांना जें मराठी कानीं पडतें, त्यानें भांडवल जितकें वाढतें तितकें पाठांतरानें वाढत नाहीं.

भांडवल वाढतें, याविषयीं निराश होण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, त्या वेळीं येथील भाषेचें एक अक्षरही त्यांच्या घरचें नव्हतें. त्यांचें मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें. मोल्सवर्थ यांनीं परदेशांतून येऊन मराठीचा जो कोश सिद्ध केला, तो १८३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांच्या हातीं असतो. परक्या कानांनींही मराठी इतकी आपलीशी केली. मात्र त्यांच्याशीं बोलणाऱ्या, त्यांच्यासाठीं थांबणाऱ्या, तेंच वाक्य पुन्हां म्हणणाऱ्या असंख्य मराठी माणसांचीं नांवें कोणत्याही मुखपृष्ठावर छापलेलीं नाहींत.

पवित्र शास्त्रांतील बाबेलच्या बुरुजाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. भाषा निराळ्या झाल्या, एकाचें दुसऱ्यास कळेना, आणि बांधकाम थांबलें. रांजणगांवच्या वसाहतींत आज अनेक भाषा बोलणारीं माणसें एकाच यंत्राशेजारीं उभीं राहून काम करतात, व तें थांबत नाहीं. तेथें प्रत्येक जण दुसऱ्याच्या अर्ध्या शब्दास आपल्या मनाचा अर्धा शब्द जोडीत असतो. शाळेच्या वर्गांतही हेंच व्हावें, अशी आमची विनंती आहे. नवा विद्यार्थी उत्तर देतांना अडखळला, तर त्याचें मन त्या क्षणीं दोन भाषांमधून धांवत आहे हें ओळखावें, आणि तें पोंचेपर्यंत आपण दोन सेकंद गप्प बसावें.